रीडमी लांबवण्याआधी इश्यू वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारं छोटं पायथन टूल तुम्ही गिटहबवर, म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला ठेवायच्या साइटवर, टाकलंय. लोक ते वापरायला लागलेत आणि आता ‘डॉक्युमेंटेशन कुठंय?’ म्हणून विचारतायत. सुरुवात कुठून करायची, डॉक्युमेंटेशनची साइट बनवायला स्फिंक्स घ्यायचं की एमकेडॉक्स, आणि इंग्रजीत लिहायचं की मराठीत? सोबत आत्तापर्यंतचे इश्यूही (वापरणाऱ्यांनी गिटहबवर नोंदवलेल्या तक्रारी) दिलेत, ते फार बरं केलंत. ओपन सोर्स प्रकल्पांची डॉक्स (डॉक्युमेंटेशन) लिहिणं आणि इतरांनी लिहिलेली तपासणं हेच माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

तुमच्या इश्यूंमध्ये चार तक्रारी पुन्हापुन्हा येतात. पहिली, ‘पायथन टाइप केलं की मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं’. दुसरी, फाइल दिली की ‘चारमॅप कोडेक काँट डीकोड बाइट’ असं काहीतरी म्हणून टूल बंद पडतं. तिसरी, मजकुरातली इंग्रजी नावं आणि ईमेल पत्ते रूपांतरानंतर भलतेच झाले. चौथी, ‘आचाऱ्यांना’ लिहिलं होतं त्याचं ‘आचार्यांना’ झालं. यातल्या एकानेही फंक्शनांची यादी मागितलेली नाही. आणि तुमच्या डॉक्स फोल्डरमध्ये आज नेमकी तीच आहे, कोडमधल्या डॉकस्ट्रिंगवरून (फंक्शनसोबत लिहिलेल्या टिपांवरून) आपोआप तयार झालेली.

म्हणजे तुम्हाला काय लिहायचं ते लोकांनी आधीच सांगून ठेवलंय. डॉक्सचा आराखडा कोडच्या रचनेवरून काढू नका, माणसं जिथे अडतात तिथून काढा. बंद केलेले इश्यूही उघडून बघा. ज्याला तुम्ही ‘हा बग नाही, असंच चालतं’ असं उत्तर देऊन इश्यू बंद केला, तिथे डॉक्सचं एक पान कमी आहे असं समजा. तुमचं ते उत्तर बहुतेक वेळा त्या पानाचा पहिला खर्डाही असतं. उचला आणि चिकटवा.

मग वाचणारा कोण हे बघा. तुमच्याकडे दोन अगदी वेगळी माणसं येतात. एक म्हणजे डीटीपी करणारे, छोट्या साप्ताहिकात किंवा प्रकाशनात काम करणारे, ज्यांच्याकडे वर्षानुवर्षांच्या फाइली पडून आहेत आणि ज्यांनी काळी कमांडची खिडकी आयुष्यात उघडलेली नाही. दुसरे म्हणजे तुमचं टूल आपल्या वेबसाइटमागे जोडू पाहणारे प्रोग्रॅमर. दोघांना एकाच पानावर बसवायला गेलात तर पहिला घाबरतो आणि दुसरा कंटाळतो. रीडमीत, म्हणजे प्रकल्पाच्या पहिल्या पानावर, दोन ओळींत वाटा वेगळ्या करा: ‘फाइली बदलायच्या आहेत?’ आणि ‘तुमच्या कोडमध्ये वापरायचंय?’ बाकी सगळं त्या दोन दुव्यांमागे जाऊ द्या.

रीडमीची पहिली ओळ सध्या ‘अ फास्ट, एक्स्टेन्सिबल, रूल-बेस्ड ट्रान्सकोडिंग फ्रेमवर्क’ अशी आहे. यातून टूल काय करतं हे कोणालाच कळत नाही. त्या जागी असं काही लिहा: ‘जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलतो. श्रीलिपी, शिवाजी आणि कृतिदेव चालतात. सध्या फक्त साध्या टेक्स्ट फाइली. वर्डच्या फाइली थेट घेत नाही.’ शेवटची दोन वाक्यं सगळ्यात कामाची आहेत. ज्याच्याकडे फक्त वर्डच्या फाइली आहेत तो इथेच थांबतो, आणि तासभर झटून मग चिडून इश्यू लिहीत नाही. त्याखाली एक बिघडलेली ओळ आणि तिची सुधारलेली ओळ एकाखाली एक दाखवा. मग इन्स्टॉल, मग सगळ्यात साधी एक आज्ञा. बिल्ड पास झाल्याचे रंगीत बिल्ले, प्रकल्पाचा इतिहास, पुढचे मनसुबे हे सगळं खाली ढकला.

इन्स्टॉलबद्दल मात्र हात आखडता घेऊ नका. तुम्ही तिथे एकच ओळ लिहिली आहे, पिप इन्स्टॉलची (पायथनची पॅकेजं बसवणारी आज्ञा). ज्याच्या मशीनवर पायथन आधीच आहे त्याला ती पुरते. डीटीपीवाल्याच्या विंडोजवर पायथन नसतो, आणि तरीही ‘पायथन’ टाइप केलं की स्टोअर उघडतं, कारण विंडोजने त्या नावाचा एक शॉर्टकट आधीच ठेवलेला असतो. बरं, पायथनच्या संकेतस्थळावरून इन्स्टॉलर आणला तरी त्यात ‘ॲड पायथन टू पाथ’ ही चौकट मुळात रिकामी असते. ती टिचकी मारायची राहिली की पुढची प्रत्येक आज्ञा ‘अशी कमांड नाही’ म्हणते, आणि माणसाला वाटतं तुमचं टूलच बिघडलेलं आहे. तेव्हा हे पान असं लिहा: अमुक फाइल डाउनलोड करा, उघडल्यावर सगळ्यात खाली ही चौकट दिसेल, तिच्यात टिचकी मारा, मग इन्स्टॉल करा, आता स्टार्टमध्ये जाऊन कमांड प्रॉम्प्ट उघडा, ही ओळ टाइप करा, उत्तरादाखल आवृत्तीचा आकडा दिसला पाहिजे. दर पायरीनंतर ‘आता तुम्हाला हे दिसेल’ हे लिहिणं सोडू नका. वाचणाऱ्याला आपण वाटेवर आहोत की भरकटलो, हे कळायला दुसरा मार्ग नसतो. आणि न दिसल्यास काय करायचं तेही लगेच खाली.

हे पान तुमच्या लॅपटॉपवर बसून लिहिता येणार नाही, कारण तिथे सगळं आधीच बसवलेलं आहे. कोरं विंडोज घ्या, व्हर्च्युअल मशीन असलं तरी चालेल, आणि स्वतः लिहिलेलं स्वतः अक्षरशः पाळा. त्याहून चांगला उपाय म्हणजे ज्याने हे कधी केलेलं नाही अशा कोणाला तरी पान देऊन शेजारी गप्प बसणं. गप्प बसणं अवघड जातं, पण तुम्ही तोंडाने जे सांगाल ते पानावर नाही हेच त्यातून कळायचं असतं. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प ओपन सोर्स सॉफ्टवेअरचे छोटे दृक्‌श्राव्य धडे करतो आणि ते मराठीसह अनेक भारतीय भाषांत डब होतात. तिथे धड्याची संहिता रेकॉर्ड होण्याआधी त्या सॉफ्टवेअरशी अनोळखी असलेल्या माणसाकडून तपासून घेण्याची पद्धत आहे. तज्ज्ञाने तपासलेल्या मजकुरात चूक नसते, पण गाळलेल्या पायऱ्या असतात. तज्ज्ञाला त्या दिसतच नाहीत. एकेक धडा सवडीने बघा. पायऱ्या किती बारीक पाडायच्या याचा अंदाज येईल.

आता प्रकार. डॅनिएले प्रोसिदा यांनी मांडलेली डायटॅक्सिस नावाची पद्धत या क्षेत्रात आता बऱ्यापैकी रुळली आहे. डॉक्स चार तऱ्हेची असतात असं ती म्हणते: शिकवणारा धडा, एखादं काम उरकायची कृती, संदर्भासाठीची नोंद, आणि ‘असं का’ ते समजावणारं लिखाण. जँगोची (वेबसाइट बांधायच्या पायथन फ्रेमवर्कची) डॉक्स उघडलीत तर हीच विभागणी दिसेल, आणि कित्येकांनी वेब प्रोग्रॅमिंग शिकायला सुरुवात केली ती त्यातल्याच धड्यापासून, मतदानाचं एक छोटं ॲप बांधायला लावणाऱ्या. माझं मत विचाराल तर छोट्या प्रकल्पाने चार फोल्डर करून ते भरत बसू नये. वर्गवारीचा उपयोग एवढाच की एक पान एकच काम करतंय ना, ते तपासता येतं. पुरणपोळी शिकवताना गव्हाच्या जाती सांगत बसलं की पुरण करपतं. धड्याच्या मधोमध सगळे पर्याय समजावून सांगणाऱ्यांचं तसंच होतं.

तुमच्या टूलला धडा एक पुरे: नमुन्याची एक फाइल रेपॉझिटरीतच (कोडच्या साठ्यातच) ठेवा, ती रूपांतरित करायला लावा, आणि शेवटी पडद्यावर नेमकं काय दिसलं पाहिजे ते द्या. कृती तीन-चार: अख्ख्या फोल्डरमधल्या फाइली एकदम कशा बदलायच्या, वर्डमधला मजकूर टेक्स्टमध्ये कसा काढायचा, फॉन्ट कोणता आहे हे माहीत नसेल तर काय. संदर्भ म्हणजे ती फंक्शनांची यादी, जी आहेच.

उरलं ‘असं का’. तुमच्या प्रकल्पात खरी मजा इथे आहे आणि तुम्ही त्याबद्दल एक ओळही लिहिलेली नाही. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवली जातात. ‘स्थिती’ मधली पहिली वेलांटी डोळ्याला ‘स्थ’च्या आधी दिसते, म्हणून टंकतानाही ती आधी येते. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने साठवतो, तिथे तीच वेलांटी अख्ख्या जोडाक्षरानंतर येते. रफाराचं उलटं: ‘मार्च’ मधला रफार जुन्या फाइलीत ‘च’च्या मागे पडतो, युनिकोडमध्ये ‘र’ आणि हलन्त ‘च’च्या आधी जातात. म्हणजे नुसतं एका चिन्हाच्या जागी दुसरं ठेवून भागत नाही, चिन्हं हलवावी लागतात, आणि कुठवर हलवायची हे जोडाक्षर कुठे सुरू होतं त्यावर ठरतं. आता ती चौथी तक्रार. आचारी म्हणजे स्वयंपाकी, त्यांना ते आचाऱ्यांना. आचार्य म्हणजे गुरू, त्यांना ते आचार्यांना. मराठीत ‘र’ आणि ‘य’ची गाठ दोन तऱ्हेने पडते आणि अर्थ बदलतो. चंद्रकोरीसारखा ‘र’ युनिकोडमध्ये वेगळ्या पद्धतीने लिहावा लागतो, एकतर नुक्तावाला ‘ऱ’ आणि हलन्त, नाहीतर साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडणीचा वर्ण. तुमच्या तक्त्यात एखाद्या फॉन्टची ती खूण चुकून रफाराला जोडली गेली असेल तर आचाऱ्यांचे आचार्य होणारच.

हे दीड-दोन पानांत लिहून काढा. तुमच्या कोडमधला सगळ्यात अवघड भाग नेमका हाच आहे, आणि नवीन फॉन्टचा तक्ता जोडायला येणारा माणूस इथेच अडखळणार. शिवाय ते वाचायला मजा येते. डॉक्स कंटाळवाणी असलीच पाहिजेत असा नियम कोणी केलेला नाही.

तिसऱ्या तक्रारीचं काय करायचं? जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच संकेतांवर देवनागरीचे आकार बसवतात. साध्या टेक्स्ट फाइलीत फॉन्टची माहिती उरत नाही, त्यामुळे एखादा अक्षरसमूह मुळात इंग्रजी नाव होतं की मराठी शब्द, हे टूलला खात्रीने सांगता येत नाही. हा बग नाही आणि तुम्ही तो पुरता सोडवूही शकणार नाही. मग तो लपवायचा की सांगायचा? सांगायचा, तोही रीडमीतच, ‘काय जमत नाही’ अशा मथळ्याखाली. ही काही नवी टूम नाही. युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्ये, 1971 च्या, आज्ञेच्या माहितीबरोबर ‘बग्ज’ नावाचा भाग असायचा आणि लिहिणारे स्वतःच्या प्रोग्रॅममधल्या खोडी तिथे सरळ नोंदवायचे. आज्ञांची माहिती देणाऱ्या मॅन पेजमध्ये तो मथळा आजही सापडतो. मर्यादा सांगितल्याने वापरणारे पळून जात नाहीत. दहा वर्षांचे अंक बदलून झाल्यावर प्रत्येक ईमेल पत्ता बिघडलाय हे कळलं तर मात्र पळतात, आणि चारजणांना सांगतात. मर्यादेसोबत पळवाटही द्या: इंग्रजी मजकूर आधी खुणा करून वेगळा कसा ठेवायचा, किंवा रूपांतरानंतर संशयास्पद शब्दांची यादी कशी काढायची.

दुसऱ्या तक्रारीचं उत्तर डॉक्समध्ये नको, कोडमध्ये द्या. पायथन विंडोजवर फाइल उघडताना, तुम्ही काही सांगितलं नाही तर, सिस्टिमचं जुनं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) धरून चालत आला आहे. तुम्ही एन्कोडिंग स्पष्ट दिलंत तर बहुतेक वेळा ही अडचण येणारच नाही. तरीही आलीच तर ‘चारमॅप कोडेक’ऐवजी पडद्यावर असं दिसू द्या: ‘ही फाइल वाचता आली नाही. नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह ॲज करा, एन्कोडिंग यूटीएफ-8 निवडा आणि पुन्हा प्रयत्न करा.’ एरर मेसेज हे तुमच्या डॉक्समधलं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान असतं. मी कोणत्याही प्रकल्पावर आले की आधी एरर मेसेज वाचते, रीडमी नंतर. ज्या गोष्टीसाठी पान लिहावं लागतंय ती गोष्टच काढून टाकता येते का, हे दर वेळी विचारा. मूळ दुर्बोध एरर तशीच ठेवून तिच्यावर ‘वारंवार विचारले जाणारे प्रश्न’ नावाचं पान रचणं हा तर मला आळसच वाटतो.

डॉक्स शिळी होणं ही मोठी डोकेदुखी. गिटहबने 2017 मध्ये ओपन सोर्समधल्या लोकांचं सर्वेक्षण केलं होतं, त्यात 93 टक्क्यांनी अपुरी किंवा जुनाट डॉक्स ही अडचण असल्याचं सांगितलं; आणि त्याच सर्वेक्षणात हातभार लावणाऱ्यांपैकी 60 टक्के म्हणाले की आम्ही डॉक्सला क्वचित किंवा कधीच हात लावत नाही. लोकांच्या सदिच्छेवर हे सुटत नाही, व्यवस्थेने सुटतं. पोस्टग्रेस या डेटाबेसची डॉक्स कोडच्याच रेपॉझिटरीत असतात, आणि नवं वैशिष्ट्य आणणाऱ्या पॅचमध्ये डॉक्सचा बदल नसेल तर तो अपुरा धरला जातो. इंटरनेटवरून फाइली आणणाऱ्या कर्लमध्ये कमांडच्या प्रत्येक पर्यायासाठी एकेक छोटी फाइल असते, तिच्यातूनच मॅन पेज तयार होतं, आणि एखाद्या पर्यायाची नोंद राहिली तर चाचण्या ते पकडतात. तुमच्यासाठी याची छोटी आवृत्ती अशी: विकी वापरू नका, डॉक्स रेपॉझिटरीतच ठेवा. पुल रिक्वेस्टच्या (इतरांनी सुचवलेल्या बदलाच्या) नमुन्यात ‘डॉक्स बदलली का?’ ही एक ओळ घाला. आणि उदाहरणं चालवून बघायचं काम मशीनवर सोपवा. पायथनमध्ये डॉकटेस्ट मूळ लायब्ररीतच आहे: डॉकस्ट्रिंगमध्ये दिलेली ओळ चालवून ते खाली लिहिलेल्या उत्तराशी ताडून बघतं. रस्ट या भाषेत तर डॉक कॉमेंटमधली उदाहरणं कार्गो टेस्ट या चाचण्यांच्या आज्ञेबरोबर आपसूक चालतात. तुमच्या बाबतीत डॉकटेस्टचा पहिला नमुना कोणता घ्यावा हे सांगायला नकोच: एक ओळ आचाऱ्यांची, एक आचार्यांची. डॉक्सही झाली आणि चाचणीही.

एआयकडून डॉक्स लिहून घेऊ का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. भाषा सुधारायला घ्या, हरकत नाही. कोडवरून अख्खं पान लिहून घेतलंत तर वाचायला गुळगुळीत आणि अधूनमधून अस्तित्वातच नसलेले पर्याय सांगणारं पान हाती येतं. मी अशा पुल रिक्वेस्ट परत पाठवते. लिहिलेली प्रत्येक आज्ञा कोणीतरी चालवून बघितलेली असली पाहिजे. ती कोणी लिहिली याला मग महत्त्व नाही.

भाषेचं म्हणाल तर तुमच्या बाबतीत उत्तर सरळ आहे. फाइली बदलणाऱ्यांसाठीची पानं मराठीतच, आणि मूळ मराठीत लिहिलेली. या टूलचा वापरणारा मराठी आहे. प्रोग्रॅमरसाठीची पानं इंग्रजीत, कारण कृतिदेवचा तक्ता सुधारायला उद्या हिंदीवालाही येईल. दोन्ही पानं दोन्ही भाषांत ठेवायचा मोह टाळा. एकट्या माणसाला चार पानं जुळवून ठेवणं जमत नाही, आणि अर्धवट शिळा अनुवाद वाचणाऱ्याला फसवतो. मराठी लिहिताना पडद्यावर जे शब्द दिसतात ते तसेच ठेवा. बटणावर सेव्ह ॲज असेल तर ‘सेव्ह ॲज’ म्हणा. ‘अन्य नावाने जतन करा’ हे बटण शोधत माणूस तिथेच बसेल. एरर मेसेज मात्र पानावर हुबेहूब द्या, मूळ लिपीत, कारण लोक तोच कॉपी करून शोधतात.

डॉक्स बनवायच्या टूलचं आता. तुमची पानं दहाच्या आसपास होतील. साध्या मार्कडाउन फाइली (सोप्या खुणांनी मांडणी केलेला मजकूर) पुरेत, गिटहब त्या नीट दाखवतो. पुढेमागे शोधाची पेटी आणि बाजूचा मेनू हवासा वाटला तर एमकेडॉक्स घ्या, त्याच मार्कडाउनवर चालतं. स्फिंक्स 2008 मध्ये पायथनच्याच डॉक्ससाठी गेऑर्ग ब्रँडल यांनी बनवलं. मोठ्या लायब्ररीला, पानापानांतल्या दुव्यांना आणि अनुवादाच्या फाइलींना ते उत्तम, पण तुम्हाला आज त्याची गरज नाही. साइट ठेवायला रीड द डॉक्स किंवा गिटहब पेजेस, दोन्ही चालतील. यावर एका संध्याकाळपेक्षा जास्त वेळ घालवू नका.

मदतनीस मिळण्याबद्दल एक. वेलांटी सुधारणारी एका ओळीची पुल रिक्वेस्ट आली तर त्याच दिवशी घ्या आणि आभार माना. डीटीपीवाल्यांपैकी कित्येक जण उत्तम मुद्रितशोधक असतात. गिट येत नसेल तर इश्यूमध्ये नुसता मजकूर लिहून द्या म्हणावं, तो आत घालायचं काम तुम्ही करा. योगदान कसं द्यावं हे पान लिहाल तेव्हा हा मार्ग पहिल्या परिच्छेदात असू द्या, शैलीचे नियम त्यानंतर. डॉक्सचा परवानाही लिहून टाका, नाहीतर कोणी आपल्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत तुमचं पान घ्यायचं म्हटलं तर बिचकतो.

आणि चेंजलॉग, म्हणजे दर आवृत्तीत काय बदललं त्याची नोंद. इतर टूलना तो असला तर बरा; तुमच्या टूलला तो नसेल तर नुकसान आहे. तुम्ही शिवाजीचा तक्ता दुरुस्त केलात की तीच फाइल नव्या आवृत्तीत वेगळी बाहेर पडते. ज्याने मागच्या महिन्यात अख्खा संग्रह बदलून ठेवलाय त्याला कोणत्या फाइली पुन्हा चालवायच्या हे कळलं पाहिजे. तेव्हा ‘किरकोळ दुरुस्त्या’ असं लिहू नका. ‘शिवाजी फॉन्ट: चंद्रकोरी र आता रफार होत नाही. याआधीच्या आवृत्तीने बदललेल्या फाइली पुन्हा चालवा’, असं लिहा. त्यासाठी कोणती फाइल कोणत्या आवृत्तीने बदलली हे वापरणाऱ्याला माहीत हवं. रूपांतराची नोंद ठेवणारी एक छोटी लॉग फाइल टूलने स्वतःच शेजारी लिहून ठेवली तर तो प्रश्नही मिटेल. हे काम डॉक्सच्या आधी केलंत तरी चालेल.